सेप्सिसच्या रुग्णाची साखर आणि चरबी कशी सांभाळायची: आयसीयूत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी

रात्रीचे अडीच वाजलेत. सिस्टर सांगतात, "सर, सहा नंबरची शुगर २८६ आली." पहिला हात इन्सुलिनकडे जातो. माझाही कित्येक वर्षं तसाच जायचा. हल्ली मी आधी बेडजवळ जातो आणि स्टँडला काय काय लटकलंय ते वाचतो.

अशाच एका रात्री स्टँडवर तीन गोष्टी होत्या. रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रेनलिन ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या द्रावणात) बनवलेलं होतं. अँटिबायोटिकची १०० मिलीची पिशवीही डेक्स्ट्रोजचीच होती. आणि मागच्या बाजूला, पडद्याआड, १० टक्के डेक्स्ट्रोज तासाला ५० मिलीच्या वेगाने निवांत चालू होतं. दाखल होताना रुग्णाची शुगर ५२ होती म्हणून कुणीतरी ते लावलं होतं, आणि नंतर बंद करायचं राहून गेलं. हिशेब करा: तासाला ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १२० ग्रॅम साखर थेट शिरेत. त्यावर इन्सुलिन लावलं असतं तर एका नळाने भरायचं आणि दुसऱ्याने उपसायचं, असा प्रकार झाला असता. डेक्स्ट्रोज बंद केलं. दोन तासांत शुगर १९० वर आली.

हा लेख रेसिडेंट डॉक्टर आणि आयसीयूतल्या नर्सेससाठी आहे. तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तो आधी, हा लेख नंतर. शुगर आणि ट्रायग्लिसराइड्सचे आकडे सगळीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमची लॅब मिलिमोल देत असेल तर शुगरच्या आकड्याला १८ ने गुणा.

एक खुलासा. २०१६ च्या सेप्सिस-३ व्याख्येनंतर 'सिव्हिअर सेप्सिस' हा शब्द अधिकृतपणे गेला. संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागले की तोच सेप्सिस. बोलण्यात जुना शब्द अजून आहे, आणि मीही इथे त्याच अर्थाने बोलतोय.

शरीरात नेमकं काय बिघडतं

नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, यांना तर कधी डायबेटिस नव्हता, मग शुगर कशी वाढली?" हे उत्तर स्वतःला नीट ठाऊक असलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप सुचतात.

सेप्सिसमध्ये अॅड्रेनलिन, कॉर्टिसोल आणि ग्लुकॅगॉन एकाच वेळी चढतात. लिव्हर अमिनो अॅसिड, लॅक्टेट, ग्लिसरॉल असं जे मिळेल त्यातून ग्लुकोज बनवत सुटतं. इकडे स्नायूंमध्ये इन्सुलिनचा निरोप पोचत नाही, त्यामुळे ग्लुकोज आत घेणारे ग्लुट-४ वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येत नाहीत. कारखाना जोरात आणि गिऱ्हाईक कमी, म्हणून माल रस्त्यावर साचतो.

चरबीचंही तसंच होतं, फक्त तिकडे आपलं लक्ष जात नाही. चरबीच्या पेशींत साठवलेली चरबी फुटून फॅटी अॅसिड्स रक्तात येतात. लिव्हर त्यांचे ट्रायग्लिसराइड्स बनवून व्हीएलडीएल या चरबीवाहक कणांच्या रूपात परत रक्तात सोडतं. एरवी लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर बसून ते ट्रायग्लिसराइड्स फोडतं आणि ऊतींना पुरवतं. सेप्सिसमध्ये हेच एन्झाइम दबतं.

याचा शोध मोठा लक्षात राहण्यासारखा आहे. अँथनी सेरामी यांच्या प्रयोगशाळेत ट्रायपॅनोसोमा या परजीवीचा संसर्ग झालेले ससे खंगून चालले होते, पण त्यांचं रक्त मात्र चरबीने दुधाळ झालेलं होतं. उपाशी प्राण्याच्या रक्तात एवढी चरबी का, या प्रश्नाचा माग काढताना लायपोप्रोटीन लायपेज दाबणारा एक पदार्थ सापडला. त्याला त्यांनी 'कॅकेक्टिन' नाव दिलं. १९८५ मध्ये कळलं की हा कॅकेक्टिन म्हणजेच टीएनएफ, दाह पेटवणारं प्रथिन. सेप्सिसची आग आणि रक्तातली चरबी अशी एकाच रेणूने बांधलेली निघाली.

म्हणून ट्रायग्लिसराइड्स वाढतात. एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि विशेषतः एचडीएल मात्र घसरतं. एचडीएल जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनला चिकटून त्याला निष्प्रभ करतं, म्हणजे लढाईत ते खर्ची पडतं. शिवाय लिव्हर या काळात एचडीएलचं मुख्य प्रथिन कमी बनवतं आणि त्याची जागा सीरम अॅमिलॉइड ए घेतं. एचडीएल फार खाली गेलेले रुग्ण जास्त गंभीर असतात. त्यामुळे या रुग्णाच्या रिपोर्टवर एलडीएल ४० दिसलं तर खूश व्हायचं कारण नाही.

पहिली पायरी: आकडा खरा आहे का?

थंड, सुजलेलं बोट, त्यात व्हॅसोप्रेसर (रक्तदाब वाढवणारी औषधं) जोरात. अशा बोटाला टोचून, दाबून काढलेल्या थेंबावर इन्सुलिनचा डोस ठरवू नका. आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी) असेल तर रक्त तिथूनच घ्या, आणि शक्य असेल तेव्हा ब्लड गॅस मशीनवर किंवा लॅबमध्ये तपासा. लाइनमधून घेताना आधीचं साचलेलं रक्त पुरेसं काढून टाका. फ्लशमध्ये डेक्स्ट्रोज नाही, हे बाटली हातात घेऊन बघा. फ्लशमध्ये डेक्स्ट्रोज असेल तर शुगर खोटी वाढलेली दिसते, आणि त्यावर इन्सुलिन वाढवलं की रुग्णाचा मेंदू धोक्यात येतो.

ग्लुकोमीटरच्या खोड्याही माहीत हव्यात. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) कमी असेल तर बरेच ग्लुकोमीटर शुगर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. आपल्या रुग्णांपैकी बहुतेकांना अॅनिमिया असतो, म्हणजे चूक नेमकी घातक बाजूला होते. मोठ्या डोसमधलं व्हिटॅमिन सी काही मीटरना फसवतं. पेरिटोनियल डायलिसिसमधलं आयकोडेक्स्ट्रिन काही विशिष्ट स्ट्रिप्सवर शुगर म्हणून मोजलं जातं. आकडा आणि रुग्ण जुळत नसतील तर लॅबला नमुना पाठवा आणि तोवर इन्सुलिन वाढवू नका.

दुसरी पायरी: आत काय जातंय ते मोजा

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा या पायरीत आहे, आणि नेमकी हीच पायरी वगळली जाते. फायलीच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन रकाने करा, साखर आणि चरबी.

साखरेच्या रकान्यात सगळी डेक्स्ट्रोज द्रावणं येतात. ५ टक्के म्हणजे लिटरमागे ५० ग्रॅम, साधारण १७० किलोकॅलरी. औषधं ज्यात विरघळवली आहेत ती द्रावणं विसरू नका. जिथे चालतं तिथे फार्मसीला सांगून सलाइनमध्ये बनवून घ्या. ट्यूब फीडचा वेग आणि त्यातलं कार्बोहायड्रेट लिहा. पॅरेंटरल न्यूट्रिशन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) चालू असेल तर त्यातलं ग्लुकोज लिहा.

चरबीच्या रकान्यात सगळ्यात मोठा छुपा पाहुणा म्हणजे प्रोपोफॉल हे झोपेचं औषध. १ टक्का प्रोपोफॉल १० टक्के लिपिड इमल्शनमध्ये असतं आणि प्रत्येक मिलीत १.१ किलोकॅलरी देतं. ६० किलोच्या रुग्णाला तासाला २० मिली चालू असेल तर दिवसाला ४८० मिली, म्हणजे ४८ ग्रॅम चरबी आणि सुमारे ५२८ किलोकॅलरी. शिरेतून द्यायच्या लिपिडची मर्यादा साधारण १.५ ग्रॅम प्रति किलो प्रति दिवस धरली जाते, आणि तिच्यात प्रोपोफॉलही मोजायचं असतं. या रुग्णासाठी ती ९० ग्रॅम झाली. निम्म्याहून जास्त कोटा झोपेच्या औषधातच संपला. आहारतज्ज्ञांना हे सांगितलं नाही तर त्यांचं गणित चुकणारच.

तिसरी पायरी: औषधांची यादी वाचा

हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड शॉकमध्ये दिवसाला २०० मिलिग्रॅम देतात. दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅमचा बोलस (एकदम दिलेला डोस) दिला की शुगरचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. तेच सलग इन्फ्युजनने दिलं तर चढउतार कमी होतात. स्टेरॉइड ज्या दिवशी थांबवाल त्या दिवशी इन्सुलिनची गरज उतरेल, हे हॅन्डओव्हरमध्ये आवर्जून लिहा.

अॅड्रेनलिनचं इन्फ्युजन शुगर आणि लॅक्टेट दोन्ही वाढवतं. ते सुरू केल्यावर लॅक्टेट वाढलं तर रक्तपुरवठा ढासळला असं लगेच धरू नका. रुग्णाकडे बघा.

घरची डायबेटिसची औषधं थांबवा. मेटफॉर्मिनने लॅक्टिक अॅसिडोसिसची भीती असते. सल्फोनिलयुरियाचा परिणाम, विशेषतः किडनी बिघडलेली असताना, लांबतो आणि शुगर पुन्हापुन्हा कोसळते. एसजीएलटी-२ गटातली, म्हणजे 'फ्लोझिन'ने संपणारी औषधं घेत असतील तर शुगर १६० असतानाही किटोअॅसिडोसिस (किटोन्स साचून रक्त आम्लधर्मी होणं) असू शकतो. अॅसिडोसिस लॅक्टेटने पुरता समजावता येत नसेल तर रक्तातले किटोन्स तपासा. हे निदान चुकलेलं मी पाहिलंय, म्हणून इतक्या ठासून लिहितो.

चौथी पायरी: इन्सुलिन कधी, आणि लक्ष्य किती?

शुगर १८० किंवा त्याहून वर राहत असेल तर सुरू करा आणि १४४ ते १८० मध्ये ठेवा. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या २०२१ च्या सूचना हेच सांगतात.

हा आकडा कुठून आला ते कळल्याशिवाय त्यावर विश्वास बसत नाही. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या सर्जिकल आयसीयूत ८० ते ११० हे कडक लक्ष्य ठेवलं आणि आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. सगळं जग त्या मार्गाने धावलं. मग २००८ मध्ये जर्मनीतल्या व्हिसेप अभ्यासात, खास सिव्हिअर सेप्सिसच्या रुग्णांमध्ये, कडक नियंत्रणाच्या गटात ४० किंवा त्याखाली शुगर जाण्याचं प्रमाण १७ टक्के निघालं, दुसऱ्या गटात ४.१ टक्के. तो भाग मध्येच थांबवावा लागला. २००९ च्या नाइस-शुगर अभ्यासात सहा हजारांहून जास्त रुग्ण होते: ९० दिवसांतले मृत्यू कडक गटात २७.५ टक्के, १८० च्या आत ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. तिथे हा वाद माझ्यापुरता मिटला. ११० चा हट्ट धरू नका, आणि २५० लाही चालवून घेऊ नका.

जुन्या, नियंत्रणाबाहेर राहिलेल्या डायबेटिसच्या रुग्णाचं गणित थोडं वेगळं आहे. दाखल होतानाच, रक्त चढवण्याआधी, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) पाठवा. ते १० असेल तर या शरीराला २०० ची सवय आहे. त्याच्यासाठी ११० म्हणजेही झटका ठरू शकतो. मी अशांना २०० पर्यंत राहू देतो.

पाचवी पायरी: पंप लावणं

आधी पोटॅशियम बघा. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं. ३.५ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढा, पंप नंतर. मॅग्नेशियम आणि फॉस्फेटही पाठवून ठेवा.

५० युनिट रेग्युलर इन्सुलिन ५० मिली नॉर्मल सलाइनमध्ये घ्या, म्हणजे १ मिलीत १ युनिट. सिरिंजवर तारीख, वेळ आणि नाव लिहा. इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून नळीतून साधारण २० मिली द्रावण वाहू देऊन फेकून द्या आणि मगच जोडा. हे केलं नाही तर पहिले काही तास शुगर हलत नाही, आपण दर वाढवत जातो आणि पहाटे ती एकदम कोसळते. सुईने त्वचेखाली देण्याच्या भानगडीत शॉक असताना पडू नका. सूज आणि आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे ते कधी आणि किती शोषलं जाईल याचा नेम नसतो.

सुरुवातीचा दर काढायची एक सोपी रीत म्हणजे शुगरला १०० ने भागा. २६० असेल तर तासाला साधारण २.५ युनिट. किडनी किंवा लिव्हर बिघडलेलं असेल तर निम्म्यानेच सुरू करा, कारण इन्सुलिनचा निचरा मंद होतो आणि लिव्हरची ग्लुकोज बनवायची ताकदही गेलेली असते. किटोअॅसिडोसिस नसेल तर मी बोलस देत नाही.

पहिल्या काही तासांत दर तासाला शुगर. दर आणि आकडा दोन्ही स्थिरावले की दर चार तासांनी. आकड्यापेक्षा उतार बघायला शिका. २४० वरून एका तासात १७० आली तर १७० हा आकडा छान आहे, पण उतार ७० चा आहे. पुढच्या तासाला ती १०० वर असेल. दर आत्ताच निम्मा करा. १४० च्या खाली आली तरी निम्मा करा, १०० च्या खाली गेली तर पंप थांबवा आणि अर्ध्या तासात पुन्हा तपासा. शुगरचे मोठे हेलकावे हे स्वतःच वाईट लक्षण आहे, सरासरी कितीही देखणी असली तरी.

एक खूण अनुभवाने सांगतो. तीन दिवस तासाला २ युनिटवर शांत असलेल्या रुग्णाला अचानक ६ युनिट लागू लागले, आणि फीड किंवा स्टेरॉइडमध्ये काही बदल नाही, तर नवा संसर्ग शोधा. सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेतल्या नळीची) जागा उघडून बघा, छातीचा एक्स-रे काढा, पोट दाबून बघा. ताप यायच्या आधी शुगर सांगून जाते.

शुगर कोसळली तर

एका पाळीत आम्ही एका रुग्णाला सीटी स्कॅनला नेलं. नियमाप्रमाणे फीड बंद केलं. इन्सुलिनचा पंप मात्र ट्रॉलीवर चालूच राहिला. परत आल्यावर शुगर ३८. रुग्ण गुंगीत होता, त्यामुळे घाम, धडधड, गोंधळ यातलं काहीच आम्हाला दिसलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे फीडच्या नळीवर आणि इन्सुलिनच्या नळीवर एकाच रंगाची पट्टी असते. एक बंद केलं की दुसऱ्याकडे डोळे जातातच.

७० च्या खाली आली की पंप थांबवा आणि ५० टक्के डेक्स्ट्रोज २५ मिली सेंट्रल लाइनमधून द्या. ५४ च्या खाली असेल तर ५० मिली. २५ टक्के डेक्स्ट्रोज असेल तर त्याच्या दुप्पट मिली. रुग्ण कुपोषित किंवा दारूचं व्यसन असलेला असेल तर सोबत थायमिन द्या, पण त्यासाठी डेक्स्ट्रोज अडवून ठेवू नका. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. फीड बंद ठेवावं लागणार असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज लावा, आणि ते कधी बंद करायचं ती वेळ त्याच ओळीत लिहा.

इन्सुलिन न देताही शुगर पडत असेल तर ती जास्त गंभीर गोष्ट आहे. लिव्हर, अॅड्रीनल ग्रंथी आणि मलेरिया या तिघांचा विचार करा.

सहावी पायरी: चरबीचं काय करायचं?

संपूर्ण लिपिड प्रोफाइल रोज पाठवायची गरज नाही. कामाचा आकडा एकच, ट्रायग्लिसराइड्स. प्रोपोफॉल किंवा शिरेतून लिपिड सुरू करताना एकदा, मग आठवड्यातून दोनदा. नमुना त्याच लाइनमधून काढू नका जिच्यातून लिपिड चाललंय.

४०० च्या वर गेले तर मर्यादेत किती जातंय ते रकान्यात पाहा, प्रोपोफॉल कमी करा किंवा दुसऱ्या झोपेच्या औषधावर न्या, लिपिड इमल्शन कमी करा किंवा थांबवा. शुगर जास्त असेल तर इन्सुलिन नीट चालू द्या, कारण लायपोप्रोटीन लायपेजला जागं करणारं हार्मोन तेच आहे. जास्त ग्लुकोज दिल्यानेही लिव्हर त्याची चरबी बनवतं, म्हणून एकूण कॅलरीही तपासा. १००० च्या वर गेले तर पॅन्क्रियाटायटिसचा (स्वादुपिंडाच्या दाहाचा) धोका असतो, रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) पाठवा.

लॅबमधून फोन येतो, "नमुना लायपेमिक आहे." तो फोन हलक्यात घेऊ नका. दुधाळ सीरममध्ये काही पद्धतींनी सोडियम खोटं कमी येतं. ते खरं मानून सलाइन चढवत बसाल. ब्लड गॅस मशीनवरचं सोडियम पडताळून बघा.

प्रोपोफॉल तासाला किलोमागे ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त, ४८ तासांहून अधिक चालू आहे, आणि ट्रायग्लिसराइड्स चढतायत, अॅसिडोसिस वाढतोय, सीके (स्नायूंना इजा झाल्याची खूण) वाढलंय, ईसीजी बदलतोय, तर प्रोपोफॉल इन्फ्युजन सिंड्रोम समजून ते त्याच क्षणी थांबवा. आणि ट्रायग्लिसराइड्स जास्त, फेरिटिन प्रचंड, फायब्रिनोजेन घसरतंय, सगळ्या पेशी कमी होतायत असं चित्र दिसलं तर एचएलएचचा (रोगप्रतिकारशक्ती बेफाम होऊन स्वतःच्याच पेशींवर उलटते, त्या आजाराचा) विचार करून हिमॅटॉलॉजीला (रक्तविकार विभागाला) बोलवा. त्याचा उपचार वेगळा आहे आणि वेळ कमी असतो.

घसरलेल्या कोलेस्टेरॉलवर उपचार करायचा नाही. सेप्सिस उतरला की ते आपोआप चढतं. सेप्सिससाठी म्हणून स्टॅटिन सुरू करू नका. २०१४ च्या सेल्स अभ्यासात सेप्सिसमुळे एआरडीएस (फुप्फुसांचा गंभीर बिघाड) झालेल्या रुग्णांना रोसुव्हास्टॅटिन देऊन काही फायदा झाला नाही. आधीपासून चालू असेल तर सीके आणि लिव्हरचे रिपोर्ट बघून ठरवा.

सातवी पायरी: जेवण

आतडं चालत असेल तर ७२ तासांच्या आत नळीतून फीड सुरू करा, कमी वेगाने. पहिल्या काही दिवसांत शरीर स्वतःच ग्लुकोज आणि फॅटी अॅसिड्स ओतत असतं आणि ते आपण थांबवू शकत नाही. म्हणून सुरुवातीला गरजेच्या ७० टक्क्यांपलीकडे जाऊ नका, आणि त्यात प्रोपोफॉल आणि डेक्स्ट्रोजच्या कॅलरी धरा. फीड सुरू केल्यावर फॉस्फेट पडलं तर रीफीडिंग (उपाशी शरीराला अन्न मिळताच रक्तातले क्षार घसरणं) समजा आणि वेग उतरवा.

पंप काढताना आणि घरी पाठवताना

व्हॅसोप्रेसर गेले, फीड सलग चालू आहे, इन्सुलिनचा दर दिवसभर हलला नाही, तेव्हाच त्वचेखालच्या इन्सुलिनवर या. मागच्या २४ तासांत लागलेल्या इन्सुलिनच्या ६० ते ८० टक्के इतका डोस धरा. लांब चालणारं इन्सुलिन दिल्यानंतर पंप दोन तास तरी चालू राहू द्या, कारण शिरेतलं इन्सुलिन काही मिनिटांतच संपतं.

वॉर्डात गेल्यावर हे सगळं विसरलं जातं, आणि रुग्ण कायमचा इन्सुलिनवर तरी राहतो किंवा त्याचा डायबेटिस कुणाच्या लक्षातच येत नाही. एचबीए१सी ६.५ किंवा वर आलं असेल तर त्याला आधीपासून डायबेटिस होता. नॉर्मल असेल तरी अशा माणसाला पुढे डायबेटिस होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून डिस्चार्ज कार्डवर मी हे स्वतःच्या हाताने लिहितो: "आजारपणात शुगर वाढली होती, इन्सुलिन लागलं, आता बंद. तीन महिन्यांनी उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी. आयसीयूतलं कोलेस्टेरॉल धरू नये, लिपिड प्रोफाइल दोन महिन्यांनी नव्याने. आधीची स्टॅटिन सुरू / बंद, आणि बंद असेल तर कधी सुरू करायची ती तारीख."